अक्षर आणि अक्षराचं चित्र

वेबसाइट फोटोशॉपमध्ये करायची की ड्रीमवीव्हरमध्ये, यावरून एके काळी आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या बांधावरूनही झाली नसतील. (शेतच नाही, म्हणून असेल.) आज या दोन सॉफ्टवेअरांवरून कुणी भांडत होतं असं सांगितलं, की पुढची पिढी टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे बघावं तशी बघते. पण गेले चार महिने मी त्या भांडणाचाच उरलेला हिशोब मिटवत बसलोय, म्हणून हा लेख. नातेवाईक मंडळींना यातले सगळे जण ओळखू येतील. नावं घातलेली नाहीत, तरी ओळखून लगेच फोन करू नये. :)

माझा चुलतभाऊ मूळचा डीटीपीवाला. नव्या पेठेच्या मागच्या बोळात त्याचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपती मंडळांच्या पावत्या, संक्रांतीच्या आधी गड्ड्यावरच्या स्टॉलचे बोर्ड. सगळं आयुष्य कोरल आणि फोटोशॉपमध्ये गेलेलं. छपाईच्या धंद्यात साधा नियम असतो, पडद्यावर जे दाखवलं तेच बटर पेपरवर उतरलं पाहिजे. पत्रिकेवरचा गणपती दोन मिलिमीटर सरकला तरी नवरीकडचे लोक पैसे कापतात. २००२ च्या सुमारास गिऱ्हाइकं "आम्हाला वेबसाइट पायजे" म्हणत यायला लागली, तेव्हा त्याने त्याला जे येत होतं तेच केलं. ८०० बाय ६०० चं कोरं पान उघडायचं, पत्रिकेसारखं सगळं त्यावर मांडायचं, मागे मोरपंखी छटा, वर सुंदर वळणाचं शीर्षक, बाजूला बटणं. मग स्लाइसचं हत्यार घेऊन वड्या पाडाव्यात तसे त्याचे तुकडे पाडायचे आणि 'सेव्ह फॉर वेब' म्हणायचं. फोटोशॉपबरोबर १९९९ पासून इमेजरेडी नावाचं जोड-सॉफ्टवेअर मिळायचं, त्याचा जन्मच या कामासाठी. ते प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल करायचं आणि सगळे तुकडे पुन्हा जागच्या जागी बसवणारं एचटीएमएलचं कोष्टकही लिहून द्यायचं. भावाला एचटीएमएलची एक ओळ येत नव्हती आणि त्याची साइट दुपारी चहाच्या आत तयार व्हायची.

मी पुण्याहून कोर्स करून आलेला. कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की वेबपान म्हणजे चित्र नव्हे. ते आधी मजकूर आहे, हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, आणि त्याला कपडे नंतर घालायचे. त्यासाठीची हत्यारं वेगळी. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतलेलं फ्रंटपेज होतं. मॅक्रोमीडियाचं १९९७ साली आलेलं ड्रीमवीव्हर होतं, आणि त्यातल्या त्यात अभिमानाने मिरवायचं ते हेच. एका अंगाला पान दिसायचं, दुसऱ्या अंगाला त्याचा कोड. भावाच्या इमेजरेडीने लिहिलेलं कोष्टक मी ड्रीमवीव्हरमध्ये उघडून दाखवायचो. एका पानासाठी चाळीस-चाळीस खाने, आणि ती सगळी चौकट ताठ उभी राहावी म्हणून मधे मधे 'स्पेसर' नावाची एका ठिपक्याची पारदर्शक जिफ फाइल ठोकलेली. सुतारकामात फट बुजवायला पाचर मारतात, तशी.

"हे बघ, एक शब्द बदलायचा तर अख्खा तुकडा नव्याने कापावा लागणार."

"पण दिसतंय का नाही बरोबर? मग? तुझ्यात तर अक्षरंच येईनात बे." (दादाला 'बे' म्हणायचं नसतं हे मान्य. पण सोलापुरात वाद तापला की नातं 'बे'च्या अलीकडेच थांबतं.)

आणि इथेच गाडं अडायचं, कारण तो खोटं बोलत नव्हता.

इंग्रजीत साइट करणाऱ्यांचं हे भांडण सौंदर्य विरुद्ध शिस्त असं होतं. आपलं तसं नव्हतं. आपल्याकडे आधीचाच प्रश्न सुटलेला नव्हता, तो म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर मराठी दिसणार कशी? तेव्हाचे मराठी फाँट, श्रीलिपी घ्या, आकृती घ्या, कृतिदेव घ्या, मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले होते. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजी 'डी'च असायचा, फक्त फाँटने त्याला 'क'चा किंवा आणखी कशाचा सदरा घातलेला. कोणत्या जागी कोणता आकार हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणजे ज्याच्याकडे तोच फाँट आहे त्याला मराठी दिसणार, बाकीच्यांना डॉलर, आश्चर्यचिन्हं आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरांचा खिचडा. म्हणून तेव्हा बऱ्याच मराठी साइटींच्या डोक्यावर 'फाँट उतरवून घ्या' अशी पाटी असायची. मायक्रोसॉफ्टचं वेफ्ट नावाचं एक हत्यार होतं, त्याने फाँट पानाबरोबरच पाठवता यायचा. पण तो फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळायचा. मी तेच वापरायचो.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण हे म्हणजे धरणात पाणी आहे आणि नळाला नाही, असं. (सोलापूरकरांना अधिक समजावून सांगायला नको.) कॅफेंमध्ये विंडोज ९८, तिथे देवनागरी नीट जुळायचीच नाही. विंडोज २००० पासून सोय आली, र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फाँटही आला. पण एक्सपीवरसुद्धा कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती सोय चालू करावी लागे, त्याला मूळ सीडी लागे, आणि कॅफेवाल्याकडे ती मूळ सीडी का नसायची हे मी सांगायला नको.

चित्राचं मात्र काही अडत नव्हतं. कॅफेत, बँकेतल्या भाच्याच्या ऑफिसात, न्यू जर्सीच्या ताईकडे, सगळीकडे तीच अक्षरं, तेच वळण, शिरोरेषेसकट. दीडशे केबीचं पान डायलअपवर उतरायला अर्धा मिनिट जायचा आणि वरून खाली पडदा सरकावा तसं ते दिसायचं, पण दिसायचं. त्या काळी चित्राच्या मराठीला हसणाऱ्यांनी हे विसरू नये. कित्येकांनी मराठी अक्षर इंटरनेटवर पहिल्यांदा पाहिलं ते चित्रातच.

आता काकांकडे येतो. काका म्हणजे त्या चुलतभावाचे वडील, माझे मोठे काका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर कारखान्यात त्यांची नोकरी झाली, जकार्डचे डिझाइनर म्हणून. डिझाइनर हा शब्द आत्ताचा, तेव्हा सगळे 'ग्राफवाले' म्हणत. सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती कशी विणतात हे फार जणांना ठाऊक नसतं. आधी कागदावर चित्र. मग ते ग्राफ पेपरवर उतरवायचं. ग्राफचा एक चौकोन म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा यांची गाठभेट. उभा धागा वर राहणार असेल तर चौकोन रंगवायचा, नसेल तर कोरा. मग ग्राफच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचं एकेक कार्ड पंच करायचं. भोक असेल तिथला हूक उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक कार्ड, एक आडवा धागा. अशी शेकड्यांनी कार्डं दोऱ्याने एकमेकांना शिवून माळ करायची आणि मागाच्या डोक्यावर चढवायची. फ्रान्समधल्या जकार्डने हे १८०४ च्या सुमारास बसवलं आणि पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी भोकांच्या कार्डाची युक्ती तिथूनच उचलली, हे मी काकांना पुस्तकातून वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग उचलणारच की. चांगलंय ते."

भावाने एकदा त्यांना फोटोशॉप दाखवलं. चित्र झूम करत करत सोळाशे टक्क्यांवर नेलं, आणि पडद्यावर नुसते रंगीत चौकोन उरले. काका खुर्ची पुढे ओढून बसले. "हा ग्राफच आहे." पुढचा अर्धा तास त्यांनी माउस सोडला नाही. एक शंका मात्र काढली. यांचे चौकोन खरोखर चौकोन कसे? आमच्याकडे उभे धागे आणि आडवे धागे इंचाला सारखे नसतात, त्यामुळे ग्राफचे खानेही चपटे घ्यावे लागतात, नाहीतर कागदावरचा गोल मोर चादरीवर लांबट होतो. मी ड्रीमवीव्हर दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हं. यात दिसत काही नाही."

निवृत्तीनंतर काकांनी वह्यांमध्ये लिहायला सुरुवात केली होती. कारखान्याच्या आठवणी. गाजलेल्या डिझाइनी, पूर्व भागातले माग, घराघरात कांड्या भरणाऱ्या बायका, पहिल्या पाळीचा भोंगा, तेलुगू-कन्नड-मराठीची सरमिसळ होऊन झालेली कारखान्यातली भाषा. एकूण २३ लेख. २००३ मध्ये आम्ही त्यांची साइट करायचं ठरवलं. भावाने १७ लेख केले, अर्थातच फोटोशॉपमध्ये. प्रत्येक पानाला एकेका चादरीच्या काठाची चौकट, शीर्षकाला हाताने काढलेली अक्षरं. आजही ती पानं उघडली की मान्य करावं लागतं, त्याच्या हातात कला आहे. मग लग्नसराई आली आणि तो पत्रिकांमध्ये बुडाला. उरलेले सहा मी ड्रीमवीव्हरमध्ये केले. साधी पांढरी पानं, मजकूर टाइप केलेला, वेफ्टने फाँट जोडलेला. काकांना अर्थातच १७ आवडली.

साइट सुरू झाल्यावर महिन्याभरात काकांनी एक दुरुस्ती सांगितली. कार्ड शिवणाऱ्या बायकांवरच्या लेखात त्यांनी लिहिलं होतं की एका नव्या डिझाइनच्या माळेत, माग चालू होण्याआधीच, 'शिवणाऱ्या एका बाईंनी' चूक पकडली. चूक शिवण्यातली नव्हती, ग्राफमधली होती, म्हणजे काकांची. ती तशीच गेली असती तर पूर्ण ताण्याचं नुकसान. लिहिताना त्यांना त्या बाईंचं नाव आठवलं नव्हतं, नंतर आठवलं. "तिथं तेवढं नाव घाल," ते भावाला म्हणाले. एका नावाने ओळ लांबणार, ओळ लांबली की परिच्छेद सरकणार, परिच्छेद सरकला की चार तुकडे नव्याने कापायचे. भाऊ म्हणाला, सराई संपली की करतो. पुढे त्याच्या मशीनची हार्ड डिस्क गेली आणि फोटोशॉपच्या मूळ फायली, ज्यांत अक्षरं निदान थरांवर सुटी होती, त्या गेल्या. उरली ती फक्त कापलेली चित्रं. ते नाव राहून गेलं.

त्यानंतरचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, तो भराभर सांगतो. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. त्याच वर्षी फोटोशॉपवाल्या अडोबीने ड्रीमवीव्हरवाल्या मॅक्रोमीडियाला विकत घेतलं, म्हणजे आम्ही भांडत बसलो आणि दोन्ही पक्षांचे मालक एका ताटात जेवायला लागले. फ्रंटपेज २००६ च्या सुमारास गुंडाळलं गेलं, इमेजरेडी २००७ मध्ये. मुख्य म्हणजे युनिकोड घराघरात पोचलं. बरहा आलं, गमभन आलं, आपण सगळे याच वाटेने इथे लिहायला लागलो. काकांची साइट ज्या फुकटच्या जागेवर होती ती जागा बंद झाली. माझ्याकडे तिची सीडी होती, ती मी भाड्याच्या जागेवर पुन्हा चढवली आणि विसरून गेलो. काकांच्या वह्या दरम्यान माळ्यावर वाळवीने संपवल्या.

काकांना काचबिंदू आहे. औषधं चालू होती, तरी नजर हळूहळू आक्रसत गेली आणि गेल्या दोन वर्षांत वाचन पूर्ण थांबलं. डोळ्यांनी आयुष्यभर चौकोन मोजलेला माणूस. नातीने त्यांच्या फोनवर टॉकबॅक चालू करून दिलं, बोटाखाली जे येईल ते फोन मोठ्याने वाचतो. मराठीही वाचतो, थोडं बातम्यांसारखं, पण वाचतो. आठवड्याभरात काका पेपर ऐकायला लागले, मग गोष्टी. आणि गेल्या दिवाळीत म्हणाले, माझं मी काय लिहिलं होतं ते लाव.

नातीने साइट उघडली. पहिलं पान, चुलतभावाने केलेलं. बोट ठेवलं.

"इंडेक्स अंडरस्कोर झिरो थ्री. इमेज."

बोट खाली. "इंडेक्स अंडरस्कोर झिरो फोर. इमेज."

"काय बोलायलंय हे?" काका म्हणाले.

इमेजरेडी तुकड्यांना असेच आकडे घालून नावं द्यायचं. चित्र दिसत नसेल त्याच्यासाठी चित्रात काय आहे ते लिहून ठेवायची सोय एचटीएमएलमध्ये १९९५ पासून आहे, तिला ऑल्ट म्हणतात. इमेजरेडीच्या खिडकीतही तिच्यासाठी एक रिकामी ओळ असायची. पण ती सराईत कोण भरणार, आणि भरायची म्हटली तरी मराठीत भरणार कशी? तेव्हाच्या फाँटची मराठी तिथे खिचडा होऊनच पडली असती.

मग माझी पानं लावली, शिस्तवाली. तिथे फोन बोलला, भरपूर बोलला. डॉलर, कंस, आश्चर्यचिन्ह, एकेक इंग्रजी अक्षर. वेफ्टचे फाँट आजचं कुठलंच ब्राउझर वाचत नाही. म्हणजे डोळे असलेल्या माणसालाही माझी सहा पानं आज खिचडाच दिसत होती आणि भावाची सतरा मात्र वीस वर्षांपूर्वी दिसायची तशीच्या तशी. भाऊ शेजारीच उभा होता. काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून हसला. हसू दे.

पण खिचडा आणि चित्र यांत एक मोठा फरक आहे, आणि या भांडणाचा निकाल जर कुठे लागत असेल तर तो इथे. खिचड्याला नियम असतो. चुकीच्या जागेवर बसलेली असली तरी ती अक्षरं आहेत. अमुक आकडा म्हणजे अमुक आकार, ही यादी असली की मशीन पुन्हा मराठी करून देतं. अशी रूपांतरकं लोकांनी हौसेने लिहून फुकट ठेवलेली आहेत. माझी सहा पानं एका दुपारीत युनिकोडमध्ये आली. कुरबुरी झाल्याच. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते त्या जागी, म्हणजे व्यंजनाच्या आधी असायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं बरोबर उलट. रूपांतरकाला रफार नीट हलवता आला नाही, आणि जकार्डवरच्या लेखांमध्ये 'कार्ड' हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हीच मोजा. तरी एक दुपार.

भावाच्या सतरा पानांना चार महिने. चित्रातली अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअरं आता आहेत, मराठीसाठीही बरी चालतात, पण त्यांना स्वच्छ मोठं अक्षर लागतं. आमची चित्रं जेपीजी. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारकावा थोडा थोडा गाळतं. फोटोला ते चालतं. अक्षराला चालत नाही, शिरोरेषेच्या भोवती धूळ बसल्यासारखी दिसते. शिवाय पार्श्वभूमीला मोरपंखी छटा. मशीनने 'माग'चा सगळीकडे 'भाग' केला, म्हणजे हातभाग आणि यंत्रभाग. 'धोट्या'चा 'घोटा' झाला. तीन पानांनंतर मी तो नाद सोडला आणि सरळ टाइप करायला बसलो. मी चित्र बघून मोठ्याने वाचायचं, काकांनी ऐकायचं, मग मी टाइप करायचं. शनिवार-रविवार, त्यांच्या खोलीत. अस्पष्ट शब्द आला की काका पुढचं वाक्य स्वतःच म्हणायचे.

वाचता वाचता एक लक्षात आलं, ते निव्वळ ऐकत नव्हते. "हे वाक्य काढ. तेव्हा मालक हयात होते म्हणून गोड लिहिलं होतं." "इथं दोन ओळी वाढव." वीस वर्षांहून जास्त काळ त्यांच्या लेखणीखालून ते लेख निघून गेलेले होते, चौकटीत लावलेल्या फोटोसारखे. आता ते पुन्हा वहीसारखे झाले. कार्ड शिवणाऱ्या बायकांचा लेख आला तेव्हा मी वाक्य वाचून थांबलो. काका म्हणाले, "तेव्हा सांगितलं होतं." मी नाव विचारलं. त्यांनी आडनावासकट सांगितलं, मग त्यांचं माहेरचं गावही सांगितलं, आणि म्हणाले की 'एका बाईंनी' काढून टाक, सगळं नीट लिही. ओळ लांबली, परिच्छेद आपोआप खाली सरकला, कुठेही काही कापावं लागलं नाही. ते नाव इथे देत नाही, ते त्यांच्या पानावर आहे.

चुलतभावाचं दुकान आता मोठं झालंय, फ्लेक्स, डिजिटल प्रिंटिंग, सगळं. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, तुझं बरोबर आहे, पण बघ जग कुठे चाललंय. त्याचं म्हणणंही खरं आहे. लग्नाचं आमंत्रण व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून येतं आणि कार्यालयाचा पत्ता नकाशात टाकायचा तर बघून बघून टाइप करावा लागतो. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर 'उद्या पाणी येणार नाही' हे फुलांच्या चौकटीतल्या चित्रात फिरतं, आणि तो 'उद्या' कोणत्या वारचा हे शोधायला गेलं तर शोधता येत नाही. आता मराठी सगळ्या फोनवर धड उमटते, चित्र करण्याची कुठलीच सक्ती उरलेली नाही, आणि तरी लोक अक्षरांची चित्रं करतायत. २००३ मध्ये ते नाइलाजाने होतं. मला ते समजतं. आताचं समजत नाही.

नवीन साइटसाठी चौकटी मात्र चुलतभावाच्याच घेतल्या. चित्र चित्राच्या जागी, मजकूर मजकुराच्या जागी, आणि प्रत्येक चौकटीला ऑल्ट. त्या ऑल्टच्या ओळी भावाने स्वतः सांगितल्या, कुठल्या चादरीचा काठ, कुठले रंग. काका त्या ऐकून दोन ठिकाणी म्हणाले, "हा रंग तो नाही, तो राणी आहे."

२३ पैकी २२ लेख झाले. तेविसावा, मागावरच्या दोषांच्या नावांवरचा, एका शब्दापाशी अडलाय. नको असलेला हूक उचलला जाऊन चादरीवर एक धागा उगाच वर तरंगत राहतो, त्या दोषाला कारखान्यात एक शब्द होता. चित्रात नेमका तोच दोन तुकड्यांच्या सांध्यावर येऊन कापला गेलाय. काकांना आठवत नाही. शेजारच्या मागावरच्या माणसाचा तेलुगू शब्द होता एवढंच सांगतात, आणि आठवत नाही याचा त्यांना फार त्रास होतो. दोनदा रात्री फोन करून वेगळे शब्द सांगितले आणि सकाळी दोन्ही मागे घेतले. मी सध्या त्या जागी चित्राचा तेवढाच तुकडा लावून ठेवलाय.

तेव्हा मंडळी, पूर्व भागात, साखर पेठेत, कन्ना चौकाच्या बाजूला कुणाच्या घरी जुने जकार्डवाले असतील, किंवा मुंबई-भिवंडीकडे गेलेले असतील, तर त्यांना विचारा. पहिलं अक्षर 'ग' आहे किंवा 'रा', मधलं वाचता येत नाही, शेवट बहुतेक 'लू'. जे सांगतील ते टाइप करून कळवा. फोटो काढून पाठवू नका.